घरपोच ‘हेवी मेटल पॅकेज’ : एका गलाईवाल्याचा अनुभव

आमचे गाव विट्याजवळचे, धंदा गलाईचा, म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा, आणि गेली अठरा वर्षे दुकान केरळात थ्रिशूरला. चांदी शुद्ध करताना भट्टीत शिसे पडते, जुने केडीएमचे, म्हणजे कॅडमियम मिसळलेल्या डागाने सांधलेले, दागिने वितळवताना कॅडमियमचा धूर निघतो; म्हणून डॉक्टरांनी तपासणी सुचवली, तेव्हा मी एका खासगी प्रयोगशाळेचे घरून नमुने नेणारे पॅकेज घेतले. त्यात तब्बल 22 धातूंची तपासणी होती.

नमुने नेणारा मुलगा वेळेवर आला. धातूंच्या तपासणीसाठी लागणारी गडद निळ्या टोपणाची वेगळी नळी त्याने आठवणीने आणली होती, ही जमेची बाजू. मात्र तो थेट भट्टीशेजारच्या बाकावर बसून रक्त काढू लागला. कातडीवरची शिशाची पूड सुईबरोबर नळीत गेली तर आकडा उगाच फुगतो, असे डॉक्टरांनी बजावलेले असल्याने मी त्याला घरी नेले, कोपरापर्यंत हात साबणाने धुतले आणि मगच नमुना दिला. ही सूचना खरे तर त्यांनी द्यायला हवी होती.

अहवाल चार दिवसांत आला आणि पहिल्याच पानावर घाम फुटला : रक्तातील शिसे 280. डॉक्टरांनी एकक पाहिले, तर ते मायक्रोग्रॅम प्रति लिटर निघाले. नेहमीच्या डेसिलिटरच्या (लिटरच्या दहाव्या भागाच्या) हिशेबात 28. तेही कमी नव्हेच, कारण 5 किंवा त्याहून जास्त असले की शिसे कोठून येते याचा शोध घ्यावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सांगितले आहे. लघवीतील आर्सेनिकही लाल अक्षरांत होते. त्याचे कारण आदल्या रात्रीची मत्ती, म्हणजे तारली, ठरली. समुद्री माशांत आर्सेनिकचा जो प्रकार असतो तो बहुतांशी निरुपद्रवी असून लघवीवाटे निघून जातो, पण एकूण आर्सेनिक मोजणाऱ्या चाचणीला तो वेगळा ओळखता येत नाही. काही दिवस मासे टाळा, हे एक वाक्य नोंदणीच्या वेळी सांगितले असते तर दुसऱ्या चाचणीचे पैसे वाचले असते. मासे बंद ठेवून दिलेल्या नमुन्यात आकडा मर्यादेत आला.

कॅडमियमसाठी लघवी योग्यच, कारण मूत्रपिंडात वर्षानुवर्षे साठलेल्या कॅडमियमचा अंदाज तिच्यावरून येतो. पण पाणी जास्त प्यायल्याने लघवी पातळ झाली की आकडाही घसरतो, म्हणून तो क्रिएटिनीन या लघवीतल्या टाकाऊ पदार्थाच्या प्रमाणात द्यावा लागतो. तो मला दोनदा फोन करून मागून घ्यावा लागला. त्याच फोनवर, आधी धातू बाहेर काढणारे औषध घेऊन मग लघवी तपासण्याची महागडी चाचणीही सुचवण्यात आली. डॉक्टरांनी तिला साफ नकार दिला. त्या औषधाने निरोगी माणसाच्या लघवीतही धातू वाढतात आणि तुलनेला ग्राह्य मर्यादाच नसते.

भट्टीवर धूर ओढणारा पंखा बसवला, कामाचे कपडे घरी नेणे बंद केले आणि तीन महिन्यांनी फक्त शिसे तपासले : 19. रक्तातील शिसे साधारण महिन्याभरात निम्म्यावर येते, पण हाडांत साठलेले हळूहळू रक्तात उतरत राहते. त्यामुळे आकडा याहून वेगाने उतरेल अशी अपेक्षा डॉक्टरांनाही नव्हती.

नमुना घेण्याची सोय आणि अहवालाचा वेग यांसाठी मी पाचपैकी तीन गुण देईन. पॅकेज मात्र पुन्हा घेणार नाही. दिवाळीनंतर याच प्रयोगशाळेत रक्तातील शिसे आणि क्रिएटिनीनसह लघवीतील कॅडमियम, एवढ्या दोनच चाचण्या सांगितल्या आहेत, आणि नमुना घरीच घ्यायचा असे नोंदणीत लिहून घेतले आहे.