क्रोमॅटोग्राफीचा पहिला धडा: गाळण कागद की खडू?

ठाण्यात नौपाड्यातील शनिवारच्या विज्ञानवर्गात सातवीच्या मुलांना क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करण्याची पद्धत, शिकवताना मी दोन्ही साधने वापरली आहेत. गाळण कागदाच्या पट्टीवर तळापासून दोन सेंटीमीटरवर पेन्सिलीने रेघ ओढून तिच्यावर काळ्या स्केचपेनचा ठिपका द्यावा आणि तो बुडणार नाही इतक्याच पाण्यात पट्टी उभी धरावी. पाणी केशाकर्षणाने वर चढू लागते आणि पाहता पाहता त्या काळ्यातून निळा, जांभळा, पिवळसर असे पट्टे सुटे होतात. रेघ पेनने ओढल्यास तिचीच शाई पसरते. ही चूक मुलांना एकदा करू द्यावी. रंगाने कापलेल्या अंतराला पाण्याने कापलेल्या अंतराने भागले की आरएफ मूल्य मिळते, आणि माझ्या मते खरे शिकणे इथे सुरू होते.

खडूवरही तसाच ठिपका देता येतो. तो पाण्यात आपणहून उभा राहतो आणि पावसाळ्याच्या दमट हवेत कागदासारखा लुळा पडत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाइल त्स्वेत यांनी कॅल्शियम कार्बोनेटच्या, म्हणजे नैसर्गिक खडूतल्या द्रव्याच्या, भुकटीने भरलेल्या नळीतून पानांतील रंगद्रव्ये वेगळी केली, ती हकिकतही खडू हातात असताना सांगता येते. मात्र त्याच्या गोल अंगावर पट्टे वाकडे चढतात. म्हणून पाचवीपर्यंत खडू पुरतो. मोजमाप करायचे असेल तेव्हा मी कागदच देते.