पितळी रंगाचा ब्रश, ३,४१८ रुपये आणि डाव्या नळीत अडकलेली दोरी

दोन नगांचे ३,२९८, कुरिअरचे १२०. एकूण ३,४१८ रुपये. बारा बोअरच्या (हे नळीचं माप) बंदुकीची नळी साफ करायच्या 'ओरिजिनल इम्पोर्टेड' पुलथ्रूसाठी, म्हणजे नळीतून ओढायच्या ब्रशवाल्या दोरीसाठी, हे पैसे मी स्वतःच्या अंगठ्यानं पाठवले. मग तीच दोरी नळीतून बाहेर काढायला १,५००, आत पडलेले ओरखडे पॉलिश करायला २,२००, जाण्यायेण्याचे ३८०. बेरीज ७,४९८. दोरी आणि जुन्या फ्लॅनेलच्या चिंध्या यांवर वर्षाला पन्नास रुपयेही जात नव्हते, हे आता घरातले सगळे मला आळीपाळीनं सांगतात.

विक्री कशी झाली ते लांबवत नाही, तुम्ही सगळं ओळखून आहात. फोटो खऱ्या मालाचा. २,१९० वर काट मारून १,६४९. 'शेवटचे सहा नग.' माल बघून पैसे देण्याची सोय 'सध्या बंद'. पैसे गेल्यावर तासाभरात 'धन्यवाद सर', नवव्या दिवशी पार्सल, दहाव्या दिवशी ब्लॉक.

पार्सलनंच मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. परदेशी माल आपल्याकडे पाकिटात विकायचा तर त्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, मूळ देश, माल तयार झाल्याचा महिना-वर्ष आणि एमआरपी छापलेली लागते. माझ्या पाकिटावर फक्त एक वाघ होता आणि '१२ जीए', म्हणजे बारा गेज, आपला बारा बोअर. बिल नाही. मी मनाशी म्हटलं, इम्पोर्टवाले असंच करतात. असंच करतात म्हणजे काय, हे विचारायला मी थांबलो नाही.

पण खरा झोंबतो तो पुढचा क्षण. दुनळीच्या उजव्या नळीतून पहिली ओढ घेतली तेव्हा आवाज आला. चांगला पुलथ्रू नळीतून 'सुंऽऽ' असा जातो, ओलं कापड पिळल्यासारखा. हा खरवडत गेला, कढईवर तारेची घासणी फिरवल्यासारखा. नळीच्या तोंडाशी पांढरं फडकं धरलं तर त्यावर काजळी नव्हे, चमकणारी राखाडी पूड. काजळी काळी असते आणि बोटाला चिकटते. शिशाचे तुकडे पातळ पापुद्र्यासारखे निघतात. ही पूड पोलादाची होती. आणि मी काय म्हणालो? 'वा, पावसाळ्यातला गंज निघतोय!' गंज तपकिरी असतो हो. एनसीसीपासून चिंधी ओढणाऱ्या माणसाला गंजाचा रंग माहीत नसावा? माहीत होता. १,६४९ रुपये दिलेली वस्तू वाईट निघेल हे डोक्याला पटत नव्हतं, एवढंच.

फ्रिजवरचं चुंबक दोन हातांवर होतं. ब्रशला लावलं असतं तर टक्कन चिकटलं असतं. लावलं ते मोडतोड झाल्यावर. फॉस्फर ब्राँझच्या तारांना चुंबक चिकटत नाही, दोरीच्या टोकाला असलेल्या पितळी वजनालाही नाही. माझ्या नगात दोन्हीला चिकटलं. पोलादावर नुसता पितळी मुलामा होता.

आता मापं. बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास साधारण १८.५ मिलिमीटर. सोळाचा १७च्या आत-बाहेर, विसाचा १५.६. (४१० हा मात्र बोअरचा क्रमांक नव्हे, तो इंचाचा आकडा आहे, ०.४१० इंच म्हणजे १०.४ मिमी.) ब्रश नळीपेक्षा मिलिमीटर-दीड मिलिमीटर मोठा हवा, म्हणजे तारा वाकून घासतात. २०१९ नंतरचं एक रुपयाचं नाणं २० मिमीचं आहे, ब्रशच्या टोकावर ठेवा. तारा नाण्याच्या काठाला लागून असल्या की ठीक. माझा ब्रश त्याच मालिकेतल्या दोन रुपयांच्या नाण्याएवढा निघाला, २३ मिमी. वर तारा पोलादी, त्यामुळे ताठ. असा ब्रश नळी साफ करत नाही, नळीवर रेघा ओढतो.

आणि मागचा जाड पट्टा, ज्यानं खरी पुसापुशी व्हायची, तो उलट १५ मिमी. म्हणजे नळीला न शिवताच बाहेर. दोरीच्या जातीच्या पुलथ्रूत, ज्याला बरेच जण बोअरस्नेक म्हणतात, पुढचा थोडा पट्टा सैल मळ उचलतो, मग ब्रश खरवडतो, मागचा लांब पट्टा पुसतो आणि तेलाचा हात देतो. या पट्ट्याला नळीत किंचित दाबून जावं लागलं पाहिजे. पहिल्या ओढीला एक हात नळीवर, दुसरा दोरीवर आणि थोडा जोर, इतका विरोध हवा. ब्रश पुढे गेल्यावर दोरी अचानक हलकी झाली तर पट्टा बारीक आहे, कितीही वेळा ओढा, नळी पुसली जाणार नाही. मला हलकी लागली होती. 'स्मूद आहे,' म्हणालो.

तिसरी गोष्ट आतली दोरी, ती बाहेरून दिसत नाही. चांगल्या नगात एकच गाभा वजनापासून शेपटापर्यंत जातो आणि ब्रशच्या तारा त्याच्या विणीतच गुंफलेल्या असतात. नकलीत ब्रशच्या आधी दोरी संपते, तिथे पत्र्याची बांगडी दाबून पुढचा तुकडा जोडतात. घेताना ब्रशच्या दोन्ही बाजूंना चिमटीनं दाबत जा. कडक मणी लागला तर परत करा. वजन आणि शेपूट धरून एकदा सणसणीत हिसका द्या. दुकानदार रागावला तर रागावू द्या, नळीत तुटण्यापेक्षा काउंटरवर तुटलेलं बरं.

माझी बांगडी सुटली डाव्या नळीत. दुनळीत बहुधा डावी नळी फुल चोक असते, तोंडाशी साधारण एक मिलिमीटरनं आवळलेली. चेंबरमध्ये, म्हणजे मागे काडतूस बसतं तिथे, वीस मिमीच्या वर जागा, पुढे १८.५, शेवटी १७.५. दोन रुपयांच्या नाण्याएवढा पोलादी ब्रश त्या आवळलेल्या भागात बसला आणि पुढची दोरी माझ्या हातात आली.

अशा वेळी काय करू नये ते आधी. बार काढून उडवायचा विचारही नको. अडथळा असलेल्या नळीत काडतूस फुटलं तर नळी फाटते, आणि डावा हात तिथेच असतो. दोरी जाळून काढायला टॉर्च लावू नका, नायलॉन वितळून नळीला चिकटतं आणि दुनळीच्या दोन नळ्यांमधली पट्टी नरम डागानं जोडलेली असते, ती सुटते. लोखंडी सळई नको. बांबू नको, तो चिरतो आणि अडथळ्याला फाटे फुटतात. तोंडाकडून मागेही ढकलू नका, ओढताना तारा मागे झुकलेल्या असतात, उलट ढकललं की त्या पाचरीसारख्या रुततात.

करायचं ते असं. नळ्या दस्त्यापासून वेगळ्या करायच्या. चेंबरकडून आत शिरणारं पातळ तेल सोडून रात्रभर ठेवायचं. मग १६ मिमी जाडीचा सरळ लाकडी दांडा, नळीपेक्षा हातभर लांब, चेंबरकडूनच घालून ब्रश ज्या दिशेनं चालला होता त्याच दिशेनं लाकडी हातोड्याच्या हलक्या ठोक्यांनी पुढे काढायचा. दोन-चार ठोक्यांत हलला नाही तर थांबा आणि परवाना असलेल्या कारागिराकडे न्या. माझा हलला नाही, म्हणून १,५०० गेले.

आता त्या लोकांकडे वळतो ज्यांच्याकडे मी न्याय मागायला गेलो.

ठाण्यात 'बंदुकीच्या नळीचा' एवढे शब्द तोंडातून गेले आणि मी तक्रारदाराचा संशयित झालो. परवाना दाखवा. बंदूक कुठे आहे? काडतुसं किती? नूतनीकरण कधी? सगळं दाखवलं. मग 'नळी आणलीय का?' आणली असती तर का आणली म्हणून वेगळं प्रकरण झालं असतं. पुलथ्रूला परवाना लागत नाही, ती दोरी आहे, हे तीनदा सांगितलं. चौथ्यांदा साहेब म्हणाले, 'दोरीचा गुन्हा कसा लिहू?' सायबरकडे पाठवलं. तिथे: 'पार्सल मिळालं ना? मग सायबर नाही, ग्राहक तक्रार.' ग्राहक तक्रारीच्या फोनवर: 'बिल क्रमांक सांगा.' बिलच नाही हीच तर तक्रार! तरी नोंदवली. सतराव्या दिवशी मेसेज, विक्रेत्याशी संपर्क होऊ शकला नाही, तक्रार निकाली. निकाली! बँक म्हणाली, व्यवहार तुम्हीच मंजूर केलात. प्रत्येकाचं वाक्य आपापल्या जागी बरोबर, आणि चौघांच्या मधल्या खड्ड्यात माझे ३,४१८. आचारसंहिता लागली की हीच मंडळी बंदूक जमा करायला लावतात, २०२४ मध्ये लोकसभेला आणि विधानसभेला असं दोनदा शेती संरक्षणासाठी परवाना असलेल्यांनी ते सोसलंय. कोठडीतून परत आलेल्या नळ्यांवर जो गंज असतो त्याच्यासाठीच तर पुलथ्रू लागतो!

तुमचे पैसे गेले आणि मालच आला नाही, तर १९३० ला, सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, लगेच फोन करा, दोन दिवसांनी नव्हे. खोटा माल आला असेल तर १९१५, ती ग्राहक हेल्पलाइन. तिथे जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षं. पण त्याला कागद लागतो, म्हणून पाकीट फोडताना व्हिडिओ आणि बिल नसेल तर चॅटचे फोटो, ब्लॉक होण्याआधी.

आता वापरायचं कसं, कारण खरा नग घेऊनही लोक नळीचं वाटोळं करतात. आधी काडतूस नाही याची बोटानं खात्री, दोन्ही चेंबरमध्ये. वजन चेंबरकडून सोडायचं, तोंडातून बाहेर काढायचं. तोंडाकडून घातलं तर सगळी काजळी चेंबरकडे आणि फायरिंग पिनच्या भोकांकडे येते. वजनापासून ब्रशपर्यंतची दोरी नळीपेक्षा वीतभर तरी लांब हवी. ३० इंची नळी म्हणजे ७६ सेंटीमीटर, तर दोरी ९५ च्या आसपास, नाहीतर ब्रश बोटानं आत कोंबावा लागतो. ओढ सरळ, नळीच्या रेषेत, न थांबता. तिरकी ओढली की दोरी तोंडाच्या काठावर करवतीसारखी चालते. साफ करायच्या द्रवाचे चार-पाच थेंब ब्रशच्या आधीच्या पट्ट्यावर, तेलाचे दोन-तीन शेपटावर. भिजवायचं नाही.

पुलथ्रू म्हणजे रोजची भांडी. कळकट कढईला रॉडच लागतो. ज्या काडतुसात प्लास्टिकचा कप असतो त्याच्या रेघा चेंबरच्या पुढे आणि चोकमध्ये बसतात, शिसंही तिथेच. त्या दोरीनं जात नाहीत. ब्राँझ ब्रशचा रॉड, द्रव, दहा मिनिटं थांबणं आणि मग घासणं. नळी उजेडाकडे धरून बघा, चोकमध्ये धुरकट पट्टे दिसले की समजा.

खोबरेल लावू नका, घट्ट होतं. रॉकेलनं मळ सुटतो पण नळी उघडी पडते, लगेच पुसून शिलाई मशीनचं तेल लावा. कोकणात जून ते सप्टेंबर दर आठवड्याला. बार काढायच्या आधी कोरी चिंधी ओढून तेल पुसून घ्या.

दोरी धुवायची ती जुन्या मोज्यात बांधून, कोमट पाण्यात, साध्या साबणानं, आणि पूर्ण एक दिवस वाळवायची. ओलसर दोरी नळीतून ओढणं म्हणजे गंज हातानं भरणं. वीण सुटली, गाभा दिसायला लागला की टाकून द्या, शिवत बसू नका.

आणि साधा चिंधीवाला पुलथ्रू कमी समजू नका. ४ मिमीची विणलेली नायलॉन दोरी, दोन मीटर, एका टोकाला नळीतून सैल जाणारं पितळी वजन, दुसऱ्या टोकाला फास, फासात फ्लॅनेलचा साधारण तीन इंची चौकोन. चिंधी अडली तर जोर लावू नका, अर्धा इंच कापून लहान करा. फाशाच्या मागे आणखी एक फास ठेवा, अडकल्यावर दुसरी दोरी बांधून मागे खेचता येतं. ती सोय त्या ३,४१८ च्या मालात नव्हती.

दुसरा नग अजून पाकिटातच आहे. 'मुद्देमाल' म्हणून जपून ठेवा, लागला तर मागवू, असं ठाण्यात सांगितलंय. परवा बघितलं, ब्रशवर तपकिरी ठिपके आलेत. या वेळी रंग बरोबर ओळखला.