हिरवा टायर की निळा? रात्रीच्या पावसातली शर्यत

परवा रात्री रंकाळ्यावरून घरी येताना जोराची सर आली. ओल्या डांबरावर दिव्यांचे पिवळे पट्टे असे पसरले की खड्डा कुठला आणि डबकं कुठलं, काही कळेना. तेव्हा सिंगापूरची फॉर्म्युला वन शर्यत आठवली. 2008 पासून ती फ्लडलाइटमध्ये होते. पाऊस आला की तिथंही हीच चकाकी डोळ्यांत घुसते, आणि तीही तिप्पट-चौपट वेगात.

अशा वेळी टायर दोनच. हिरव्या पट्ट्याचा इंटरमीजिएट, म्हणजे ओलसर रस्त्यासाठीचा; निळ्या पट्ट्याचा फुल वेट, म्हणजे जोरदार पावसासाठीचा. टायर पुरवणाऱ्या पिरेली कंपनीच्या आकड्यांनुसार ताशी 300 किमी वेगाला निळा टायर सेकंदाला 85 लिटर पाणी बाजूला फेकतो, हिरवा 30. कागदावर निळाच भारी. पण फेकलेलं पाणी जातं कुठं? तुषार होऊन मागच्या गाडीच्या तोंडावर. त्यात दिव्यांचा उजेड पडला की समोर नुसती पांढरी भिंत. म्हणजे निळा लागेल इतकं पाणी साचतं, तेव्हा बहुतेक शर्यतच थांबवावी लागते. 2022 मध्ये सुरुवातच तासाभराहून जास्त लांबली आणि मग सुटले ते हिरव्यावर.

माझं मत हिरव्यालाच. रात्री ऊन नाही, हवा दमट, रस्ता सावकाश वाळतो. त्यामुळं हिरवा टायर बराच काळ चालतो. 2022 मध्ये आघाडीच्या गाड्यांनी सुक्या रस्त्याचे टायर घातले ते निम्मी शर्यत उलटल्यावर. 2017 मध्ये मर्सिडीजचा ड्रायव्हर लुईस हॅमिल्टन पाचव्या जागेवरून हिरव्यावरच सुटला; पुढच्या गाड्या पहिल्या वळणाआधीच एकमेकांवर आदळल्या आणि शर्यत त्यानं जिंकली.