काळी एकचा तबला, जवळपास वर्षभराच्या वापरानंतर: एक उतरलेलं घर आणि माझा रियाज

साडेपाच इंची शिसमाचा तबला, सूर काळी एक (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी), डाव्या हाताचा तांब्याचा डग्गा, सोबत खाली ठेवायच्या चुंबळी, हातोडी आणि खोळ. ही जोडी मी जानेवारीत ११,५०० रुपयांना घेतली. बाकीची माहिती कुठल्याही दुकानात मिळते, ती इथे पुन्हा लिहीत नाही. लिहायला बसले कारण ऑगस्टमध्ये तबल्याची शाई, म्हणजे मधली काळी चकती, उडाली आणि दुकानदाराने हात वर केले. त्यानंतर जे झालं त्याने या जोडीबद्दलचं माझं मत तर बदललंच, पण रियाजाला बसावंसं का वाटत नाही, या प्रश्नाचं मला पटणारं उत्तरही मिळालं. नवीन वर्ष तोंडावर आलंय. वाद्य घ्यायचा किंवा माळ्यावरचं खाली काढायचा विचार पुष्कळ जण करत असतील. त्यांनी हे पैसे देण्याआधी वाचावं.

शाळेत असताना मी तबल्याच्या प्रवेशिका पूर्णपर्यंतच्या परीक्षा दिल्या होत्या. मग कॉलेज, नोकरी, घर. १५ डिसेंबर २०२४ ला उस्ताद झाकीर हुसेन गेले. त्या आठवड्यात जो तो त्यांची ध्वनिमुद्रणं पाठवत होता, मीही रात्र रात्र ऐकत होते. मग जानेवारीत नेरूळहून दादरला गेले आणि जोडी घेऊन आले. जुनी जोडी गावाला होती, तिचं खोड, म्हणजे तबल्याचा लाकडी भाग, तडकलेलं, म्हणून नवीच घेतली. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर रोज चाळीस मिनिटं बसायचं ठरवलं. चाळीस दिवस कोंडून घेऊन चिल्ला करणाऱ्यांच्या गोष्टी आपण ऐकतो, पण बेलापूरच्या ऑफिसात हजेरी लावणाऱ्या बाईला चाळीस मिनिटं सलग मिळणं हीच मोठी गोष्ट असते.

पहिल्या दीड-दोन महिन्यांनंतर मला कोणी विचारलं असतं तर मी या जोडीला पाचपैकी चार तारे दिले असते. डग्गा खरोखर छान आहे, भरीव घुमतो, मींड, म्हणजे स्वराची सलग घसरण, सहज निघते. त्याबद्दल काही तक्रार नाही. खोडही जड आणि कोरडं आहे, कुठे लांबी भरून रंग मारलेला नाही. चुंबळ रेक्झिनची आहे, फरशीवर सरकते, ती काढून कापडाची शिवून घेतली. सगळी तक्रार आहे ती एका घराची.

तबल्याच्या पुडीला, म्हणजे वरच्या कातड्याला, सोळा घरं असतात, वादी (ताण देणारी चामड्याची पट्टी) जिथे जिथे गजऱ्यातून (पुडीच्या विणलेल्या कडेतून) जाते तिथली. वादीखाली आठ लाकडी गठ्ठे. गठ्ठे खालीवर करून मोठा फरक काढायचा आणि गजऱ्यावर हातोडीने वरून ठोकून सूर चढवायचा, खालून ठोकून उतरवायचा. समोरासमोरची घरं मिळवत जायचं. हे सगळं शिकणाऱ्याला माहीत असतं. माझ्या तबल्याची पंधरा घरं मिळायची. वादीच्या गाठीशेजारचं एक घर मिळायचं नाही. वरून ठोकलं की मिळाल्यासारखं वाटायचं, दहा मिनिटं वाजवलं की परत खाली. मी त्या घराखालचा गठ्ठा बदलला, जरा जाड घातला. मग शेजारचं घर चढलं आणि हे तसंच राहिलं. मार्चमध्ये मी गजऱ्यावर खडूने खूण केली, तेव्हापासून घरातले सगळे त्याला "खडूचं घर" म्हणायला लागले.

एवढ्याशा गोष्टीवर एवढं काय लिहायचं, असं वाटणाऱ्यांनी एकदा ‘ना’ हा बोल वाजवून बघावा. अनामिका शाईच्या कडेला नुसती टेकवायची आणि तर्जनीने चाटेवर, म्हणजे पुडीच्या कडेच्या पट्टीवर, मारायचं. अनामिका टेकल्यामुळे पुडीचा खालचा ढोबळ आवाज दबतो आणि वरचा स्वच्छ स्वर सुटतो. तो स्वर म्हणजेच तबल्याचा षड्ज. नुसतं ताणलेलं कातडं वाजवलं तर त्यातून निघणारे वरचे सूर एकमेकांशी पूर्णांकी प्रमाणात नसतात, म्हणून ते कानाला धप्प लागतं, स्वर ऐकू येत नाही. मधल्या शाईच्या वजनाने ते सूर प्रमाणात येतात. सी. व्ही. रामन यांनी यावर १९२० साली ‘नेचर’मध्ये लिहिलं, पुढे १९३४ मध्ये आणखी सविस्तर मांडलं. म्हणजे या वाद्याची सगळी करामत त्या काळ्या चकतीच्या आणि तिच्याभोवतीच्या सारख्या ताणाच्या जोरावर चालते. एका बाजूला ताण कमी असला की ‘ना’ फाटतो, त्यात एक लाट ऐकू येते. पुढे तुम्ही कितीही स्वच्छ हाताने वाजवा, ती लाट जात नाही.

आणि इथेच रियाजाचा प्रश्न येतो. मे महिन्यापर्यंत माझी चाळीस मिनिटं पंधरावर आली होती. ‘धाधा तिट धाधा तूना’ हा कायदा (ठरलेल्या बोलांची रचना) प्रत्येक विद्यार्थ्याने हजारदा वाजवलेला असतो, त्यात ‘ना’ आणि ‘ता’ सतत येतात. दुगुनीला, म्हणजे दुप्पट लयीला, जायच्या आतच मन उठायचं. मैत्रिणींनी उपाय सुचवले. रोज वाजवलं की खूण करणारं ॲप घेतलं. सलग दिवस मोजणाऱ्या त्या आकड्याने मला एकदाही तबल्याजवळ नेलं नाही, तो मोडू नये म्हणून दोन मिनिटं हात आपटून उठायला मात्र शिकवलं. ते ॲप मी काढून टाकलं आणि कुणालाही घ्यायला सांगणार नाही. नगम्याचं, म्हणजे तालाच्या आवर्तनात फिरत राहणारी एकच धून वाजवणारं, ॲप मात्र जरूर घ्या. तीनतालाचा नगमा संथ लयीत लावून ठेवला की सोळा मात्रांचं आवर्तन तुम्हाला धरून ठेवतं. मधे चुकलात तरी पुढची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, येतेच, आणि तिथे पोचायची ओढ लागते. पण त्यातही अट आहेच. नगम्याचा षड्ज स्वच्छ असतो, त्याच्याशेजारी आपला उतरलेला ‘ना’ जास्तच बोचतो. त्यामुळे मे-जूनमध्ये मी नगमासुद्धा लावेनाशी झाले.

ज्यांच्याकडे मी आठवड्यातून एकदा जाते ते सर वाशीला राहतात. ते म्हणत होते, "तबला लावल्याशिवाय बसू नकोस. लावणं हाच पहिला रियाज." सुरात लावत तर होतेच, लागत नव्हता. मी दुकानात फोन केला. उत्तर मिळालं, "ताई, पावसाळ्यात सगळ्यांचाच तबला उतरतो. दसऱ्यापर्यंत आपोआप बसेल." नवी मुंबईत पावसाळ्यात तबला उतरतो हे अगदी खरं आहे. खाडीची हवा, भिंतींना ओल, कातडं दमट होऊन सैल पडतं आणि सूर खाली जातो. एसी लावला की तेच कातडं सुकून सूर चढतो. म्हणून आमच्या घरी एसीच्या खोलीत लावलेला तबला हॉलमध्ये आणला की परत लावावा लागतो. पण दमट हवेने उतरला तर सगळा उतरेल. सोळा घरांपैकी एकच घर हवा कशी पकडेल? हे मी फोनवर तीन वेळा वेगवेगळ्या शब्दांत विचारलं. तिन्ही वेळा "बघू या, आणा" एवढंच.

ऑगस्टमध्ये शाईचा एक खडा त्याच खडूच्या घराच्या बाजूने सुटला. ‘ती’ हा बोल वाजवला की खर्र असा आवाज यायला लागला. मग मात्र तबला पिशवीत घालून हार्बरने कुर्ला, तिथून गाडी बदलून दादर, असा दुकानात नेला. दुकानदाराने बिल दाखवलं, त्यावर चामड्याची गॅरंटी नाही असं छापलेलं. मी म्हटलं, "शेठ, वापरून फाटलं असतं तर मी मागितलंच नसतं. पहिल्या दिवसापासून एक घर कच्चं आहे, हा बनवण्यातला दोष आहे. मी मार्चपासून सांगतेय." त्यांनी नवीन पुडीचे पूर्ण पैसे मागितले, वर म्हणाले, "घरी वाजवायला एवढं बारीक कोण बघतं?" हे वाक्य माझ्या जिव्हारी लागलं. घरी वाजवणाऱ्यालाच तर बारीक बघावं लागतं. मंचावर बसणाऱ्याला समोर श्रोते असतात, बिदागी असते, गायक वळून दाद देतो. घरी एकट्याने वाजवणाऱ्याला परत उद्या बसायला लावणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे आपल्या हातून निघालेला सुरेल आवाज. तोच काढून घेतला तर तो कशासाठी बसेल?

पैसे न देता तबला परत आणला. त्या वेळी मी या जोडीला एक तारा द्यायला तयार होते.

पुढचं सगळं सरांमुळे. त्यांनी ठाण्याच्या एका कारागिराकडे पाठवलं, नेरूळहून ट्रान्सहार्बरने थेट जाता येतं. स्टेशनच्या पश्चिमेला, गल्लीतली एवढीशी जागा, जमिनीवर मांडलेली खोडं, वाळत टाकलेल्या पुड्या. त्या चाचांनी तबला मांडीवर घेतला, फिरवत फिरवत प्रत्येक घरावर एकेक ‘ती’ वाजवला आणि खडूची खूण बघायच्या आधीच त्या घरावर थांबले. म्हणाले, "ताई, हे घर तुमच्याकडे कधी बोललंच नसेल." मग त्यांनी पुडी उजेडासमोर धरून दाखवली. त्या बाजूचं कातडं पोटाकडचं, पातळ होतं. पाठीकडचं कातडं घट्ट असतं, पोटाकडचं ताण दिला की वाढत जातं. पुडी कापतानाच ते बघायचं असतं, आणि कातडं कमी पडलं की काही जण ते बघत नाहीत. एका बाजूने कातडं वाढत राहिलं, म्हणून तिथली शाईही आधी सुटली. सहा महिने मी गठ्ठ्यांशी झटत होते आणि दोष गठ्ठ्यात नव्हताच.

खोड उत्तम आहे, फेकू नका, असं सांगून त्यांनी नवीन पुडी चढवायचे १,८०० रुपये सांगितले. मी घासाघीस केली नाही. शाईचं काम थोडा वेळ बसून बघितलं. लोखंडाची बारीक भुकटी आणि खळ यांचा लगदा, त्याचा पातळ थर, तो गुळगुळीत दगडाने घासायचा, की त्यावर दुसरा थर. घासण्याने शाईला बारीक बारीक भेगा जातात. त्या भेगांमुळेच ती कातड्याबरोबर हलते, नाहीतर ताठ होऊन उडाली असती. हे हाताने, थरावर थर. १,८०० रुपयांत हे काम होतं याचं मला अजून वाईट वाटतं.

तबला घरी आला तो भाद्रपदातल्या ओल्या हवेत. उतरला, पण सोळाही घरं सारखी उतरली, चार ठोक्यांत लागला. त्या संध्याकाळी मी जेवणाची वेळ टळेपर्यंत बसले. नवीन काही वाजवलं नाही, तोच ‘धाधा तिट’, बराबर, दुगुन, चौगुन. नुसता ‘ना’ ऐकायला कितीतरी वेळा तीच ओळ फिरवली. मुलगा आतून येऊन म्हणाला, "आई, आज वेगळा वाजतोय." त्यानंतर मला बसायला कुणी सांगावं लागलेलं नाही. ऑफिसात मन तिकडे जातं. खंडेनवमीला वाद्यावर हळद-कुंकू वाहताना हात जोडले ते मनापासून. एप्रिल-मेच्या सत्रात अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या मध्यमा प्रथमला बसायचं ठरवलंय. परीक्षेची तारीख समोर असली की बसणं होतं, हे खरंच. पण तारीख असूनही बेसूर वाद्यावर मी बसले नसते, हे आता ठामपणे सांगते.

सांभाळण्याबद्दल थोडं. चाचांनी शाईला कडक ऊन दाखवू नका असं बजावलंय, पावसाळ्यात आधी मी खिडकीत ठेवायचे ते बंद केलं. आता सुती खोळ, कपाटात भिंतीला न टेकता, सोबत ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या. खाली सतरंजीवर जाड चटई घालते. डग्ग्याची घुमक स्लॅबमधून खालच्या मजल्यावर जाते, तिथल्या काकूंनी सांगितलं तेव्हा कळलं. आता रात्री नऊपर्यंत वाजवलं तरी त्यांना काही त्रास नाही.

तर आजचं मत असं: डग्गा आणि खोड यांना साडेचार तारे, मूळ पुडीला शून्य, दुकानाच्या सेवेलाही शून्य. एकूण खर्च १३,३०० वर गेला, त्यात गाडीभाडं आणि फुकट गेलेला उन्हाळा धरलेला नाही. तेवढ्याच पैशांत मी साध्या पितळी डग्ग्याची जोडी आणि कारागिराकडून निवडून घेतलेली पुडी असं सुरुवातीलाच घ्यायला सांगेन. तांब्याच्या चकाकीवर पैसे घालायची घाई नको, ती नंतरही होते. नट-बोल्टचा तबला हवा असेल तर घ्या, पाना फिरवून पटकन लागतो. पण कच्चं कातडं तिथेही कच्चंच राहील.

आणि दुकानात गेलात की तबला लावून मागा. मग स्वतः सोळाही घरांवर ‘ती’ वाजवून बघा, येत नसेल तर वाजवता येणाऱ्याला बरोबर न्या. पुडी उजेडासमोर धरून दाखवायला सांगा. दहा मिनिटं वाजवा, परत सोळाही घरं तपासा. दुकानदार घाई करायला लागला किंवा "घरी बसेल" म्हणाला, तर पैसे न देता बाहेर पडा.