वणव्यानंतर: रोपं लावावीत की रान राखावं?

बेळगावजवळच्या खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे मालकी रान असलं की कधी ना कधी आग वर चढतेच. कुठे तरव्याची भाजावळ, म्हणजे भाताची रोपं करायच्या जागेवरचा जाळ, हाताबाहेर जाते, कुठे काजूच्या बागेतला पाला कुणी पेटवून दिलेला असतो. आपोआप लागलेला वणवा मी तरी इकडे पाहिलेला नाही. २०२३च्या मार्चमध्ये पलीकडे गोव्यात म्हादई अभयारण्याचे डोंगर पेटले होते, त्याच उन्हाळ्यात आमचंही रान जळालं. पुढे काय करायचं यावरून घरात दोन तट पडले. शेवटी ओढ्याच्या एका अंगाला रोपं लावली, दुसऱ्या अंगाला नुसती राखण केली. मोजमाप काही घेतलेलं नाही, डोळ्यांना दिसलं ते सांगतो.

रोपांची मोठी सोय म्हणजे काम झालेलं दिसतं. पाहुणे आले की दाखवता येतं. काय लावायचं तेही आपल्या हातात. निलगिरीच्या नव्या लागवडीवर कर्नाटकात २०१७ सालीच बंदी आली. अकेशिया, म्हणजे ऑस्ट्रेलियन बाभूळ, झपाट्याने वाढतो खरा, पण त्याचा पाला लवकर कुजत नाही, आणि उन्हाळ्यात तोच थर पेटायला सगळ्यात आधी तयार असतो.

राखणीत पहिलं वर्ष जड जातं. शेजारी विचारतात, ‘रान असंच टाकलंय काय ओ?’ पण आपल्याकडचा वणवा बहुतेक वेळा जमिनीलगत पळतो. पाचोळा, कारवी, कोवळी झुडपं जातात. किंदळ, ऐन, कुंभा यांची साल जाड. खोड काळं पडलं म्हणजे झाड मेलं असं नाही. कोयत्याच्या टोकाने साल जराशी खरवडून बघा. खाली हिरवं, ओलं लागलं तर त्याला हात लावू नका. वरचं गेलं असलं तरी वळीव झाला की बुडातून फुटवे येतात, आणि ते जुन्या, खोल मुळांवर येतात.

हवामान बिघडलंय म्हणतात, त्याचा हिशेब मला इथे कळला. त्या वर्षी मॉन्सून केरळातच ८ जूनला पोचला आणि ऑगस्ट तर देशात १९०१पासूनचा सगळ्यात कोरडा गेला. पिशवीतून काढलेल्या, वीतभर मुळाच्या रोपाने तग धरायचा कसा? फुटव्यांना त्याचं काही वाटलं नाही. उलट पाऊस २०१९च्या ऑगस्टसारखा कोसळला, तर जळक्या उतारावर नुकत्याच खणलेल्या खड्ड्यांची माती आधी ओढ्याला मिळणार.

तरीही माझं मत फिरवलं ते पावसाने नव्हे, रानमोडी नावाच्या तणाने. आग गेलेल्या जागी ऊन पोचतं आणि ती माजते. ती दोन्ही अंगांना आली, हे खरं. पण रोपांच्या बाजूला श्रावण सरता सरता ती रोपांच्या डोक्यावरून गेली. गडी लावून काढायला घेतली, तर सपासप कोयता चालायचा आणि रानमोडीच्या पेंढीत आमचं हिरड्याचं रोपही निघायचं. बांबूच्या काठ्या रोवल्या, लाल चिंध्या बांधल्या; चिंध्या पावसात गळाल्या, काठ्या गव्यांनी आडव्या केल्या. कामावरचे मामा शेवटी म्हणाले, ‘मालक, ह्यात तुमचं झाड कुठलं तेवढं सांगा की ओ.’ मलाही सांगता येईना. दुसऱ्या वर्षी तेच, मजुरी वाढलेली. आणि न काढून चालत नाही, कारण वाळलेली रानमोडी म्हणजे पुढच्या वणव्याचं सरपण.

पलीकडच्या अंगाला किंदळाचा फुटवा तोवर छातीला आलेला. तो लांबूनच दिसतो, कोयता आपसूक बाजूने जातो. तिथलं काम एवढंच: एका खुंटावर दोन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे छाटायचे, गुरं आत येऊ द्यायची नाहीत आणि संक्रांतीच्या आत कडेने पाचोळा ओढून आग अडवणारा जाळपट्टा साफ करायचा. हा पट्टा चुकला तर दोन्ही पद्धती सारख्याच वाया.

तुमची जागा वेगळी असू शकते. जेसीबी फिरून मुळंच उपटली गेली असतील, वर्षानुवर्षं तेच रान जळून खुंटही मेले असतील, किंवा आधी अकेशियाच होता, तर राखून उगवणार काय? तिथे रोपं लावाच. बाकी ठिकाणी मी तरी एक पावसाळा थांबेन, कुठे काय फुटतं ते बघेन आणि मोकळ्या राहिलेल्या तुकड्यांतच भर घालीन. त्यातही पिशवीतल्या रोपापेक्षा बी टोचणं मला परवडलं. जांभळाच्या बिया मात्र वाळवून पुढच्या वर्षाला ठेवू नका, त्या उगवत नाहीत. खाल्ल्या की त्याच आठवड्यात मातीत घाला.