फ्रेझल व्हर्ब्ज शिकायचे कुठून: क्लास, पुस्तक, ॲप की ऑफिसची मेल?

बेळगावात उद्यमबागेतली फाउंड्री असो, मच्छेचं सीएनसी शॉप असो की हत्तरगीला विमानाचे भाग बनवणारा कारखाना, मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींची इंग्रजीबद्दलची तक्रार साधारण एकच असते. ड्रॉइंग वाचता येतं, स्पेसिफिकेशन कळतं, पण ग्राहकाची चार ओळींची मेल आली की गाडी अडते. गंमत म्हणजे त्या मेलमध्ये अवघड शब्द नसतातच. लुक, पुट, गेट, सेंड हे शाळेतलेच शब्द असतात, फक्त त्यांना इनटू, ऑफ, बॅक चिकटलेले असतात आणि अर्थ बदललेला असतो. यांनाच फ्रेझल व्हर्ब्ज म्हणतात.

कास्टिंगच्या धंद्यातली अशी एक मेल समजा: ‘प्लीज लुक इनटू द पोरोसिटी इश्यू. वुई आर सेंडिंग बॅक द लॉट. वुई हॅव पुट ऑफ द ट्रायल, सो गेट बॅक टू अस बाय फ्रायडे.’ पोरोसिटी, म्हणजे कास्टिंगमधली बारीक छिद्रं, का आली ते तपासा, लॉट परत येतोय, ट्रायल पुढे ढकललीय, शुक्रवारपर्यंत कळवा, एवढंच त्यात आहे. पण पुट ऑफ आणि कॉल ऑफ यांत गल्लत केलीत, तर ट्रायल रद्दच झाली असं धरून पुढच्या हीटमधून, म्हणजे भट्टीतल्या पुढच्या ओतकामातून, तो पार्ट काढून टाकाल आणि पंधरा दिवसांनी ग्राहक विचारेल, माल कुठाय?

हे शिकायचे चार मार्ग आपल्याकडे सहज मिळतात. चौघांची लायकी सारखी नाही, हे आधीच सांगतो.

क्लासचं बघू. टिळकवाडीपासून कॉलेज रोडपर्यंत स्पोकन इंग्लिशच्या पाट्या भरपूर आहेत. क्लासचा खरा फायदा तोंड उघडण्याचा. फोनवर ग्राहक ‘होल्ड ऑन’ (जरा थांबा) म्हणाला की घाबरून फोन ठेवून देणाऱ्याला पुस्तक काही करू शकत नाही. समोर माणूस लागतो, चुकल्यावर टोकणारा. फ्रेझल व्हर्ब्जच्या बाबतीत मात्र बरेच क्लास झेरॉक्सचा तक्ता हातात देतात: गेट अप, गेट ऑन, गेट ऑफ, गेट ओव्हर, गेट थ्रू, सगळे एका पानावर. एकसारखी दिसणारी पाच क्रियापदं एका बैठकीत पाठ केली की दुसऱ्या दिवशी पाचांचीही खिचडी होते. फी भरण्याआधी डेमो लेक्चरला बसा आणि सरांना किंवा मॅडमना एकच विचारा: ‘पुट ऑफ इट’ बरोबर की ‘पुट इट ऑफ’? ‘पुट इट ऑफ’ हे बरोबर उत्तर देऊन त्यांनी लगेच ‘लुक इनटू इट’मध्ये मात्र इट शेवटी येतं, हेही दाखवलं, तर क्लास चांगला. ‘दोन्ही चालतं’ म्हणाले तर चहा पिऊन घरी जा. खानापूरहून येऊन-जाऊन करणाऱ्यांनी शेवटची बस बघूनच बॅच निवडावी. पंचवीसेक किलोमीटर परत जायच्या चिंतेत शेवटची पंधरा मिनिटं वाया जातात.

पुस्तक म्हणाल तर केंब्रिजचं ‘इंग्लिश फ्रेझल व्हर्ब्ज इन यूज’, त्यातही इंटरमीडिएट. डाव्या पानावर समजावणी, उजव्या पानावर सराव, शेवटी उत्तरं. असे 70 धडे. शिक्षकाशिवाय चालतं, हा मोठा गुण. सलग करू नका. विषयवार धडे आहेत, त्यातले कामाचे आणि फोनचे आधी उचला, बाकीचे राहिले तरी बिघडत नाही. उणीव अशी की जग सगळं इंग्लंडचं. तिथं पोरोसिटी नाही, डिस्पॅच नाही, ई-वे बिल नाही. आणि पुस्तक बोलत नाही, त्यामुळे आघात कुठे द्यायचा ते कळत नाही. मशीन ‘ब्रेक डाउन’ झालं म्हणताना जोर डाउनवर येतो, मेंटेनन्सच्या ‘ब्रेकडाउन’मध्ये तो ब्रेकवर येतो. कान तयार व्हायला ऐकावंच लागतं.

ॲपवर फार वेळ घालवत नाही. अंकीड्रॉइड हे प्रश्न-उत्तरांची कार्डं दाखवणारं ॲप फुकट आहे, नेटशिवाय चालतं, विसरायच्या बेताला आलेलं कार्ड बरोबर पुढ्यात आणतं. बसमध्ये उभ्यानेही होतं. पण दुसऱ्याने बनवलेला हजार कार्डांचा डेक, म्हणजे संच, उतरवून घेतलात की आठवड्यात कंटाळाल. ॲप म्हणजे डबा. भाजी तुमची तुम्हीच करायची.

उरला चौथा मार्ग, आणि माझा कौल त्यालाच: स्वतःच्या कामातली मेल, रजिस्टर, मीटिंग यांतून उचलायचं. बेळगावकराला हे नवीन नाही. घरी मराठी, शॉपफ्लोअरवरच्या बाहेरच्या राज्यातल्या मुलांशी हिंदी, आणि कन्नड आपल्यातल्या बहुतेकांना आलं ते कंडक्टरकडून सुट्टे मागताना आणि खडे बाजारात भाव करताना. तक्ता कुणी पाठ केला होता? (पाट्यांच्या भाषेवरून इथं वर्षानुवर्षं रण माजतं, मेलच्या इंग्रजीवरून मात्र आजवर एकही मोर्चा निघालेला नाही.)

शिवाय सुरुवात शून्यातून नाही. ब्रेकडाउन, शटडाउन, सेटअप, हँडओव्हर, बॅकअप, पिकअप हे शब्द हेल्परसुद्धा दिवसभर बोलतो. ही सगळी फ्रेझल व्हर्ब्जची नामं. त्यांचं क्रियापद करून वाक्य लिहिलं की पहिलं पान भरलं: ‘सेट अप द मशीन’, ‘हँड ओव्हर द शिफ्ट’. एका ठिकाणी जपून: रनआउट. शॉपमध्ये डायल लावून शाफ्टचा रनआउट, म्हणजे फिरताना तो किती डुगडुगतो ते, बघतात, पण मेलमध्ये ‘वुई आर रनिंग आउट ऑफ इन्सर्ट्स’ आलं तर शाफ्टकडे धावू नका, स्टोअरमधले इन्सर्ट संपत आलेत.

वही अशी ठेवा: मेलमधलं पूर्ण वाक्य, खाली मराठीत अर्थ, त्याखाली आपल्या कामातलं दुसरं वाक्य. नुसतं ‘कॅरी आउट म्हणजे करणे’ असं लिहू नका. ‘कॅरी आउट द लीक टेस्ट’ असं लिहा. ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर, ड्रॉइंगचे तपशील वहीत किंवा मोबाइलमध्ये उतरवायचे नाहीत, कंपन्या यावर डोळा ठेवून असतात आणि त्यांचं बरोबर आहे. या मार्गाचा खरा तोटा म्हणजे चूक पकडायला कुणी नसतं. केंब्रिज डिक्शनरी वेबवर फुकट आहे, प्रत्येक नोंद तिथं ताडून घ्या. विशेषतः आपल्याकडचे नेहमीचे प्रयोग. ‘प्रीपोन’ भारतात चालतं, जर्मनीतला ग्राहक अडखळेल. तिथं ‘ब्रिंग फॉरवर्ड’. ‘कोप अप विथ’ नव्हे, ‘कोप विथ’. आणि ‘आय विल रिव्हर्ट बॅक’ऐवजी सरळ ‘आय विल गेट बॅक टू यू’.

किती शिकायचे, हा प्रश्न सगळ्यांना छळतो. तक्त्यात हजारो असतात. पण गार्नियर आणि श्मिट या अभ्यासकांनी 2015 साली शिकणाऱ्यांसाठी सर्वाधिक वापरातल्या 150 फ्रेझल व्हर्ब्जची यादी काढली आणि प्रत्येकाचे फक्त जास्त चालणारे अर्थ ठेवले. सरासरी दोनसुद्धा नाहीत. दीडशे म्हणजे डोंगर नव्हे. त्यातही लिहिता येण्यापेक्षा वाचून कळणं आधी. तुम्ही स्वतः मेलमध्ये ‘पोस्टपोन’ लिहिलंत तरी काही बिघडत नाही. समोरच्याचं ‘पुट ऑफ’ कळलं पाहिजे.

आता कुणी काय घ्यावं? रोज मेल येणारे, म्हणजे क्वालिटी, डिस्पॅच, परचेसवाले: वही आणि ॲप, पैसे वाचवा. मेल न येणारे सुपरवायझर: शिफ्ट रजिस्टर हीच तुमची मेल, जोडीला पुस्तक. निपाणी-चिकोडीकडच्यांनी क्लाससाठी बेळगाव गाठायचा हट्ट धरू नये. निपाणीहून कोल्हापूर जवळ आहे, आणि पुस्तक तर घरीच येतं. महिन्यावर पुण्या-बंगळूरची मुलाखत आली असेल तर मात्र वही बाजूला ठेवून बोलायला लावणारा क्लास धरा, आणि तिथल्या मॅडमना सांगा की ‘वॉक अस थ्रू युअर लास्ट प्रोजेक्ट’ (शेवटचं काम टप्प्याटप्प्याने सांगा) हा प्रश्न रोज नव्याने विचारा.