घरचा स्विमिंग पूल, पहिल्या पावसाळ्यानंतर: पंप खड्ड्यात बसवू देऊ नका

मुंबईत मढला घरामागच्या आवारात पूल बांधून घेतला त्याला वर्ष होत आलं. ५ बाय ३ मीटर, १.२ मीटर खोल, म्हणजे १८,००० लिटर पाणी. पृष्ठभागावरचा कचरा ओढून घेणारा स्किमर, वाळूतून पाणी गाळणारा सँड फिल्टर, पाऊण एचपीचा पंप. मे महिन्यात कुणी विचारलं असतं तर डोळे मिटून ‘बांधा’ म्हणाले असते. जुलैत पंप जळला, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

कंत्राटदाराने पंप जमिनीखालच्या खड्ड्यात बसवला. पंप पाण्याच्या पातळीखाली असला की पाणी आपोआप त्याच्याकडे येतं, हवा धरत नाही, प्रायमिंग (सुरू करण्याआधी पंपात पाणी भरणं) करावं लागत नाही, हे खरंच आहे. पण मुंबईत मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की गटाराचं पाणी समुद्रात जात नाही, मागे फुगतं. आमच्या पूलच्या ओव्हरफ्लोचा पाइप आणि खड्ड्याचा निचरा एकाच चेंबरला जोडलेला. चेंबर तुंबला, सगळं पाणी उलटं खड्ड्यात आलं आणि मोटर बुडाली. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच) ट्रिप झाला म्हणून शॉकचा धोका टळला. त्या एका वस्तूत काटकसर करू नका.

आता सर्व्हिस. कंत्राटदार म्हणाला, ‘पाणी शिरलं तर वॉरंटी लागत नाही.’ खड्डा यांनी खणला, चेंबर यांनी जोडला, आणि पाणी शिरलं त्याची जबाबदारी आमची? वर नव्या पंपाचं कोटेशन पाठवलं. मी मोटर मालाडला नेऊन रिवाइंडिंग करून घेतली (म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळली), बेअरिंग आणि सील बदलले. नव्या पंपापेक्षा कितीतरी स्वस्तात काम झालं आणि मोटर आजही बिनआवाज चालते.

दरम्यान फिल्टर बंद, पाणी हिरवं. त्यांचा माणूस म्हणाला, पूल रिकामा करून धुऊ. मी साफ नकार दिला. भर पावसात जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं. आतल्या पाण्याचं वजन काढून घेतलं तर खालच्या दाबाने पूल उचलला जाऊ शकतो, तडे जातात. शिवाय १८,००० लिटर पुन्हा टँकरने भरायचे कुणाच्या पैशांनी? संध्याकाळी क्लोरीन टाकायचं, भिंती ब्रशने घासायच्या, आणि पंप आल्यावर फिल्टर सतत चालवून बॅकवॉश (उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं) करायचा, एवढ्यावर पाणी निवळलं.

पावसाचा हिशेब मात्र मी आधी फक्त तोट्यातच धरत होते. मुंबईत एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. १५ चौरस मीटरच्या पूलवर ते १२,००० लिटर झाले. त्याने क्लोरीन आणि अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारे क्षार) पातळ होते, त्यामुळे पावसाळ्यात टेस्ट किट रोज हातात हवं: पीएच ७.२ ते ७.६, क्लोरीन १ ते ३ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम). पण बॅकवॉशला जाणारं पाणी आभाळातूनच भरून निघालं आणि पावसाळाभर टँकर लागला नाही. टँकरच्या जड पाण्याने टाइल्सवर धरलेला पांढरा थरही वाढायचा थांबला.

आणि सासूबाई. गुडघ्यांमुळे त्यांचं फिरणं बंद झालं होतं. छातीइतक्या पाण्यात त्या रोज सकाळी कठडा धरून चालतात. पाणी वजन पेलतं, सांध्यांवर भार बराच कमी येतो. त्यांच्यासाठी पूल बांधला याचं मला मनापासून समाधान आहे. राग आहे तो खड्ड्यावर.

आता पंप जमिनीवर दीड फूट उंच चौथऱ्यावर आहे, वर पत्र्याची शेड. सेल्फ-प्रायमिंग पंप एवढ्या उंचीवर आरामात पाणी ओढतो, सक्शनच्या पाइपला पाणी मागे जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावलाय. ओव्हरफ्लोचा पाइप वेगळा काढला. तुम्ही कोटेशन मागाल तेव्हा चौथऱ्याची उंची आणि प्रत्येक पाइप कुठे सुटतो हे नकाशावर लिहून घ्या, सही घ्या, मगच ॲडव्हान्स द्या. टाइल्सचा रंग नंतर ठरवता येतो.

हलवाहलवीचा खर्च मी कंत्राटदाराकडे लेखी मागितलाय. उत्तर येईपर्यंत देखभालीच्या कराराचा पुढचा हप्ता देणार नाही.